रुग्णालयातील स्वच्छता व भौतिक सुरक्षितता

रुग्णालयातील स्वच्छता व भौतिक सुरक्षितता या संज्ञेत रुग्णालयाची इमारत, तेथील हवा, पाणी, पृष्ठभाग, कपडे, कचरा, वीज आणि वैद्यकीय वायू यांच्यापासून रुग्ण, नातेवाईक व कर्मचारी यांना अपाय होऊ नये म्हणून केल्या जाणाऱ्या सर्व व्यवस्थांचा समावेश होतो. औषधोपचार व शस्त्रक्रिया यांच्याइतकाच हा आरोग्यसेवेचा मूलभूत भाग मानला जातो. रुग्णालयात येणाऱ्या व्यक्तीची प्रतिकारशक्ती बहुधा आधीच क्षीण झालेली असते आणि धोका ओळखून स्वतःहून दूर जाण्याची क्षमताही अनेकदा उरलेली नसते. त्यामुळे निरोगी माणसाच्या दृष्टीने किरकोळ असलेली त्रुटी, उदाहरणार्थ ओली फरशी, गळका नळ किंवा सैल झालेली विजेची जोडणी, येथे प्राणघातक ठरू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार तीव्र आजारांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयांत दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी उच्च उत्पन्न गटातील देशांत सुमारे ७ जणांना, तर अल्प व मध्यम उत्पन्न गटातील देशांत सुमारे १५ जणांना किमान एक रुग्णालयजन्य संसर्ग होतो. या संसर्गाची कारणे अनेक असली, तरी अस्वच्छ हात, दूषित पृष्ठभाग, दूषित पाणी व अपुरे वायुवीजन ही त्यांतील टाळता येण्याजोगी कारणे आहेत.

## संज्ञा

या विषयात तीन संज्ञा काटेकोरपणे वेगळ्या मानल्या जातात.

स्वच्छता: धूळ, रक्त, घाम व इतर सेंद्रिय मळ साबण किंवा प्रक्षालक आणि पाणी यांनी घासून काढणे. यामुळे बहुतांश जंतूही मळाबरोबर निघून जातात.

जंतुनाशन: रसायने किंवा उष्णता वापरून बहुतेक रोगकारक जंतू नष्ट करणे. काही जीवाणूंचे बीजाणू यातून वाचू शकतात.

निर्जंतुकीकरण: बीजाणूंसह सर्व सूक्ष्मजीव नष्ट करणे. दाबाखालील वाफेचे यंत्र, म्हणजे ऑटोक्लेव्ह, हे त्याचे सर्वाधिक वापरले जाणारे साधन आहे.

कोणत्या वस्तूस कोणती प्रक्रिया लागते, हे ठरविण्यासाठी अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांचे वर्गीकरण जगभर वापरले जाते. शरीराच्या निर्जंतुक भागात किंवा रक्तवाहिनीत जाणारी उपकरणे निर्जंतुक असावी लागतात. श्लेष्मल त्वचेस स्पर्श करणाऱ्या दुर्बिणीसारख्या उपकरणांचे उच्च दर्जाचे जंतुनाशन करावे लागते. केवळ अखंड त्वचेस लागणाऱ्या वस्तूंसाठी, म्हणजे रक्तदाब मोजण्याचा पट्टा, खाट, टेबल यांसाठी, स्वच्छता व साधे जंतुनाशन पुरेसे असते.

## इतिहास

रुग्णालयाच्या परिसराचा मृत्युदराशी असलेला संबंध जंतुसिद्धांत मान्य होण्याच्या आधीच निरीक्षणांतून पुढे आला होता. व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. १८४६ मध्ये वैद्यकीय विद्यार्थी व डॉक्टर काम करीत असलेल्या पहिल्या विभागात सुमारे ११ टक्के माता दगावल्या, तर सुईणींच्या दुसऱ्या विभागात हे प्रमाण ३ टक्क्यांहून कमी होते. शवविच्छेदन करून आलेल्या हातांनीच प्रसूतिकक्षात तपासणी केली जाते, हे त्यामागील कारण असल्याचा निष्कर्ष इग्नाझ सेमेलवाइस यांनी काढला. १८४७ मध्ये त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. १८४८ मध्ये पहिल्या विभागातील मृत्युदर दीड टक्क्याच्याही खाली आला. तरीही समकालीन वैद्यकीय वर्तुळाने त्यांचे म्हणणे दीर्घकाळ स्वीकारले नाही.

क्रिमियन युद्धाच्या काळात फ्लॉरेन्स नाइटिंगेल नोव्हेंबर १८५४ मध्ये स्कुटारी येथील ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. इमारतीखालील गटारे तुंबलेली होती, हवा कोंदट होती आणि रुग्णांची दाटी होती. फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथील मृत्युदर सुमारे ४२ टक्के होता. मार्च महिन्यात ब्रिटिश सरकारने पाठविलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे साफ केली, पाणीपुरवठा सुधारला आणि वायुवीजनाची सोय केली. जूनपर्यंत मृत्युदर सुमारे २ टक्क्यांवर आला. नाइटिंगेल यांनी पुढे या आकडेवारीच्या आधारे मोकळ्या हवेचे, दोन्ही बाजूंना खिडक्या असलेले लांबट कक्ष बांधण्याचा आग्रह धरला. त्या पद्धतीचा प्रभाव ब्रिटिश अमलाखालील अनेक देशांतील रुग्णालयांच्या रचनेवर पडला. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाचा वापर करून शस्त्रक्रियेतील जखमा चिघळण्याचे प्रमाण घटल्याचे प्रसिद्ध केले आणि जंतुनाशनाला शास्त्रीय बैठक मिळाली.

विसाव्या शतकाच्या मध्यास प्रतिजैविके उपलब्ध झाल्यावर परिसर स्वच्छतेचे महत्त्व काहीसे दुर्लक्षिले गेले. प्रतिजैविकांना न जुमानणारे जीवाणू रुग्णालयांत स्थिरावल्यानंतर, आणि पुढे कोविड-१९ च्या साथीत, हा विषय पुन्हा केंद्रस्थानी आला.

## पृष्ठभागांची स्वच्छता

अनेक रोगकारक जंतू कोरड्या पृष्ठभागावर दीर्घकाळ जिवंत राहतात. स्टॅफिलोकॉकस व ॲसिनेटोबॅक्टर हे जीवाणू काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत टिकू शकतात. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जीवाणूचे बीजाणू महिनोन्‌महिने टिकतात व त्यांच्यावर अल्कोहोलचा परिणाम होत नाही. त्यामुळे अशा रुग्णाच्या सेवेनंतर अल्कोहोलयुक्त द्रावण पुरत नाही, हात साबण व पाण्यानेच धुवावे लागतात.

फरशीपेक्षाही वारंवार हात लागणाऱ्या जागा अधिक धोक्याच्या असतात. खाटेचे कठडे, रुग्णाशेजारचे कपाट, सलाईनचा खांब, दाराची मूठ, विजेची बटणे, नळ आणि यंत्रांच्या कळा यांचा त्यात समावेश होतो. फरशी चकचकीत दिसत असली, तरी या जागा पुसलेल्या नसतील तर कक्ष स्वच्छ मानता येत नाही.

### जोखमीनुसार विभागणी

रुग्णालयातील जागा साधारणतः तीन गटांत विभागल्या जातात. शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग, नवजात शिशू कक्ष, प्रसूतिगृह, डायलिसिस व विलगीकरण कक्ष हे अतिजोखमीचे गणले जातात. सर्वसाधारण कक्ष, बाह्यरुग्ण विभाग, प्रयोगशाळा ही मध्यम जोखमीची, तर कार्यालये व भांडारे ही कमी जोखमीची ठिकाणे होत. सफाईची वारंवारता, द्रावणाची तीव्रता व तपासणीची पद्धत या विभागणीवर ठरते. वेगवेगळ्या विभागांची, विशेषतः स्वच्छतागृहांची, फडकी व बादल्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. त्यासाठी रंगांची खूण वापरली जाते.

### पद्धत

पुढील तत्त्वे सर्वत्र मान्य आहेत.

- कमी मळलेल्या जागेकडून अधिक मळलेल्या जागेकडे आणि वरून खाली या क्रमाने साफसफाई करावी.
- रुग्णकक्षात कोरडा झाडू मारू नये, कारण त्यामुळे जंतूंसह धूळ हवेत उडते.
- आधी मळ काढावा, मगच जंतुनाशक लावावे. रक्तासारखा सेंद्रिय मळ क्लोरीनचा परिणाम कमी करतो.
- जंतुनाशक ठरावीक काळ पृष्ठभागावर ओले राहू द्यावे. लावल्याबरोबर पुसून टाकल्यास त्याचा उपयोग होत नाही.
- वापरलेले फडके पुन्हा स्वच्छ द्रावणात बुडवू नये.

शेवटच्या तत्त्वासाठी तीन बादल्यांची पद्धत वापरतात. पहिल्या दोन बादल्यांतील पाण्यात फडके क्रमाने खळबळून पिळले जाते आणि तिसऱ्या बादलीतील द्रावण त्यानंतरच घेतले जाते. एकाच बादलीने संपूर्ण कक्ष पुसल्यास एका खाटेखालील जंतू पुढच्या खाटेपर्यंत पोहोचविले जातात. काम संपल्यावर फडकी धुऊन पूर्ण वाळवणे आवश्यक असते. कोपऱ्यात ओल्या राहिलेल्या फडक्यात रातोरात जीवाणूंची वाढ होते.

### जंतुनाशके

सोडियम हायपोक्लोराइट हे भारतात सर्वाधिक वापरले जाणारे व स्वस्त जंतुनाशक आहे. सांडलेल्या रक्तासाठी ०.५ ते १ टक्का आणि सर्वसाधारण पृष्ठभागांसाठी सुमारे ०.१ टक्का तीव्रतेचे द्रावण वापरण्याची शिफारस केली जाते. बाजारातील मूळ द्रावण ५ टक्के असल्यास त्याचा १ भाग आणि पाण्याचे ४ भाग मिसळून १ टक्का द्रावण तयार होते. उष्णता व प्रकाश यांमुळे क्लोरीनचे प्रमाण घटत असल्याने द्रावण रोज ताजे करावे लागते. हायपोक्लोराइट कधीही आम्लयुक्त शौचालय-स्वच्छकात मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. ते धातूही गंजवते, म्हणून उपकरणांसाठी अन्य जंतुनाशके निवडली जातात.

रक्त सांडल्यास हातमोजे घालून त्यावर शोषक कागद किंवा कापड टाकणे, त्यावर द्रावण ओतून किमान १० मिनिटे थांबणे, सर्व कापड पिवळ्या पिशवीत टाकणे आणि नंतर जागा पुन्हा धुणे, असा क्रम पाळला जातो.

शस्त्रक्रियागृहात ठरावीक काळाने फॉर्मॅलिनची धुरी देण्याची प्रथा पूर्वी सार्वत्रिक होती. फॉर्माल्डिहाइड मानवात कर्करोग निर्माण करणारे द्रव्य असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केले आहे. प्रत्यक्ष घासून केलेल्या सफाईस धुरी हा पर्याय ठरत नसल्याने तिचा नित्य वापर आता योग्य मानला जात नाही. कोविड-१९ च्या काळात माणसांवर जंतुनाशक फवारणारे बोगदे उभारले गेले होते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये कोणत्याही परिस्थितीत माणसांवर फवारणी करू नये, असे स्पष्ट केले.

## हवा व वायुवीजन

क्षयरोग, गोवर व कांजिण्या हे आजार हवेतून पसरतात. त्यामुळे कक्षातील हवा किती वेगाने बदलते, यावर इतरांना होणारा संसर्ग अवलंबून असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैसर्गिक वायुवीजन असलेल्या सर्वसाधारण कक्षात प्रत्येक रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर, तर हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या कक्षात १६० लिटर हवा मिळणे अपेक्षित आहे. समोरासमोरच्या उघड्या खिडक्यांतून हे प्रमाण कोणत्याही यंत्राविना साध्य होऊ शकते. मात्र अशा कक्षात वातानुकूलन यंत्र बसवून खिडक्या बंद केल्यास आणि बाहेरची हवा आत घेण्याची सोय नसल्यास तीच हवा पुनःपुन्हा फिरत राहते.

यांत्रिक वायुवीजनात दाबाच्या फरकाचा उपयोग करतात. शस्त्रक्रियागृहात बाहेरच्यापेक्षा अधिक दाब ठेवला जातो, म्हणजे दार उघडल्यावर हवा आतून बाहेर जाते आणि जखमेवर धूळ येत नाही. हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या विलगीकरण कक्षात याच्या उलट कमी दाब ठेवतात, म्हणजे दूषित हवा मार्गिकेत येत नाही. शस्त्रक्रियागृहात ताशी किमान २० वेळा व विलगीकरण कक्षात ताशी किमान १२ वेळा हवा बदलली जावी, असे मानक प्रचलित आहे. शस्त्रक्रियागृहातील हवा हेपा गाळणीतून सोडली जाते. ही गाळणी ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवते.

दुरुस्ती किंवा बांधकाम चालू असताना उडणाऱ्या धुळीतून ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू पसरतात. कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या व अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना ते घातक ठरू शकतात. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी तात्पुरत्या भिंती, धूळरोधक पडदे व ये-जा करण्याचे वेगळे मार्ग यांची आखणी करावी लागते.

## पाणी

रुग्णालयाला पिण्यासाठी, हात धुण्यासाठी, उपकरणे व कपडे धुण्यासाठी आणि डायलिसिससाठी निरनिराळ्या दर्जाचे पाणी लागते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार क्लोरीनने शुद्ध केलेल्या पाण्यात नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर अवशिष्ट क्लोरीन असावे लागते. टाक्यांची ठरावीक काळाने सफाई, झाकणे व ओसंडवाहिनीला जाळी, तसेच पिण्याच्या पाण्याची व सांडपाण्याची वाहिनी एकमेकींपासून दूर ठेवणे, ही मूलभूत दक्षता आहे.

पाणी साचून राहणाऱ्या वाहिन्यांत लिजिओनेला जीवाणू वाढतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील माजी सैनिकांच्या अधिवेशनात न्यूमोनियाचा उद्रेक झाला, त्यावरून त्याचे नाव पडले. तो कोमट पाण्यात झपाट्याने वाढतो. म्हणून गरम पाणी साठवताना ते ६० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानास ठेवणे आणि न वापरलेले नळ नियमित सोडणे आवश्यक असते.

डायलिसिसच्या एका सत्रात रुग्णाच्या रक्ताचा सुमारे १२० लिटर पाण्याशी केवळ एका पातळ पडद्याआडून संपर्क येतो. त्यामुळे पिण्यास योग्य असलेले पाणीही येथे धोकादायक ठरू शकते. १९९६ मध्ये ब्राझीलमधील कारुआरू शहरातील डायलिसिस केंद्रात नील-हरित शैवालाचे विष असलेले पाणी वापरले गेल्याने ५० हून अधिक रुग्ण यकृत निकामी होऊन मरण पावले.

## कपडे, आहार व कीटक नियंत्रण

रुग्णांचे मळलेले कपडे व चादरी कक्षातच झटकू किंवा मोजू नयेत. रक्त अथवा विष्ठा लागलेले कपडे वेगळ्या, न गळणाऱ्या पिशवीत धुलाईघरात पाठवले जातात. गरम पाण्याने धुताना किमान ७१ अंश सेल्सिअस तापमान २५ मिनिटे राखणे हा एक प्रचलित मापदंड आहे. धुलाईघरात मळके कपडे एका बाजूने आत यावेत आणि स्वच्छ कपडे दुसऱ्या बाजूने बाहेर पडावेत, अशी रचना करतात.

स्वयंपाकघरात कच्चे व शिजवलेले अन्न वेगळे ठेवणे, पदार्थ योग्य तापमानास राखणे आणि आचाऱ्यांची नियमित आरोग्य तपासणी करणे आवश्यक असते. उंदीर, झुरळे, मांजरे व भटकी कुत्री यांना मुख्यतः उघड्यावरचा कचरा व उरलेले अन्न आकर्षित करते. यामुळे कीटक नियंत्रणाचे यश कीटकनाशकापेक्षा कचरा वेळेवर उचलण्यावर अधिक अवलंबून असते. साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होऊन डेंग्यू व हिवताप यांचा प्रसार रुग्णालयाच्या आवारातूनही होऊ शकतो.

## जैववैद्यकीय कचरा

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आरोग्यसेवेतून निर्माण होणाऱ्या कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के कचरा घरगुती कचऱ्यासारखा सामान्य असतो व उरलेला सुमारे १५ टक्के धोकादायक असतो. मात्र दोन्ही एकत्र मिसळले, तर संपूर्ण कचरा धोकादायक समजूनच हाताळावा लागतो. म्हणून निर्मितीच्या जागीच वर्गीकरण करणे हा या व्यवस्थेचा पाया आहे.

भारतात पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये १९९८ मध्ये यासंबंधीचे पहिले नियम लागू झाले. त्यांच्या जागी जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ आले. त्यांनुसार कचऱ्याचे पुढीलप्रमाणे वर्गीकरण केले जाते.

- पिवळी पिशवी: मानवी अवयव व उती, रक्त लागलेला कापूस व बँडेज, मुदत संपलेली औषधे, प्रयोगशाळेतील जंतूंचे नमुने. यांतील बहुतांश कचऱ्याचे भस्मीकरण केले जाते.
- लाल पिशवी: सलाईनच्या नळ्या व बाटल्या, मूत्रनलिका व मूत्रपिशव्या, सुई काढलेल्या सिरिंज, हातमोजे. ऑटोक्लेव्ह व तुकडे केल्यानंतर याचे पुनर्चक्रीकरण होते.
- पांढरा पारदर्शक, छिद्र न पडणारा डबा: सुया, शस्त्रक्रियेची पाती व इतर धारदार धातूच्या वस्तू.
- निळी खूण असलेला डबा: काचेच्या बाटल्या, औषधाच्या कुप्या, शरीरात बसवलेली धातूची उपकरणे.

प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा अधिक काळ साठविता येत नाही. पिशव्यांवर बारकोड असावा लागतो. सामायिक प्रक्रिया केंद्र ७५ किलोमीटरच्या आत उपलब्ध असल्यास रुग्णालयाला स्वतःचे प्रक्रिया केंद्र उभारता येत नाही. कचरा हाताळणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, आरोग्य तपासणी आणि हिपॅटायटिस बी व धनुर्वात यांविरुद्ध लसीकरण करणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. सांडपाण्यासाठीही या नियमांत मर्यादा दिल्या आहेत. महाराष्ट्रात या नियमांखालील परवाने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देते.

सुई टोचण्याचा धोका केवळ डॉक्टर व परिचारिका यांनाच नसतो. चुकीच्या पिशवीत टाकलेली सुई पुढे कचरा उचलणाऱ्या कामगाराच्या हातात घुसते. बाधित रक्ताच्या सुईमुळे संसर्ग होण्याची शक्यता लस न घेतलेल्या व्यक्तीत हिपॅटायटिस बी साठी ३० टक्क्यांपर्यंत, हिपॅटायटिस सी साठी सुमारे २ ते ३ टक्के व एचआयव्हीसाठी सुमारे ०.३ टक्के मानली जाते. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण न बसवणे व पांढरा डबा तीन-चतुर्थांश भरताच बंद करणे, हे यावरील सोपे उपाय आहेत.

## आग, वीज व वैद्यकीय वायू

रुग्णालयातील आगीचे स्वरूप इतर इमारतींतील आगीपेक्षा वेगळे असते. अतिदक्षता विभागात यंत्रे अहोरात्र चालू असल्याने विजेचा भार मोठा असतो, ऑक्सिजनचा वापर अधिक असतो आणि श्वसनयंत्रावरील रुग्ण किंवा काचपेटीतील अर्भक स्वतः बाहेर पडू शकत नाही. सर्वसाधारण हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. हे प्रमाण २३ टक्क्यांच्या पुढे गेल्यास कापड, गाद्या व प्लास्टिक सहज पेट घेतात आणि वेगाने जळतात. ऑक्सिजनच्या जोडण्यांना तेल किंवा वंगण लावण्यास याच कारणाने मनाई आहे. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअस तापमानास साठवला जातो आणि त्याच्या १ लिटरपासून सुमारे ८६० लिटर वायू तयार होतो. त्यामुळे टाकीची जागा, कुंपण, झडपा व भरणा करण्याची पद्धत यांवर कडक नियंत्रण ठेवावे लागते.

### भारतातील काही दुर्घटना

- ९ डिसेंबर २०११: कोलकाता येथील एएमआरआय रुग्णालयात तळघरात लागलेल्या आगीचा धूर वरच्या मजल्यांवर पसरून सुमारे ९० जणांचा मृत्यू झाला.
- ९ जानेवारी २०२१: भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या विशेष नवजात शिशू कक्षात मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १० अर्भके दगावली, ७ अर्भकांना वाचविण्यात आले.
- २१ एप्रिल २०२१: नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजन टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्णांचा मृत्यू झाला.
- २३ एप्रिल २०२१: विरार येथील विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील आगीत किमान १३ रुग्ण मरण पावले.
- ६ नोव्हेंबर २०२१: अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील आगीत किमान ११ रुग्णांचा मृत्यू झाला.
- १५ नोव्हेंबर २०२४: झाशी येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता विभागातील आगीत किमान १० अर्भकांचा मृत्यू झाला.

भंडाऱ्याच्या घटनेनंतर महाराष्ट्र शासनाने राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश दिले होते. त्याच वर्षात विरार व अहमदनगर येथील घटना घडल्या. त्यामुळे एकदाच केलेली तपासणी पुरेशी नसून दोष दुरुस्त झाले की नाहीत, याचा सातत्याने पाठपुरावा आवश्यक असल्याचे अधोरेखित झाले.

### प्रतिबंधक उपाय

विजेच्या प्रत्यक्ष भाराची नियमित मोजणी, योग्य अर्थिंग, जुन्या तारा बदलणे, एकाच सॉकेटवर अनेक यंत्रे न जोडणे व धूरसूचक यंत्रे चालू ठेवणे हे प्राथमिक उपाय आहेत. वीज गेल्यास जनित्र सुरू होईपर्यंत जीवरक्षक यंत्रांसाठी बॅटरीवरील अखंडित पुरवठा लागतो. पुराचा धोका असलेल्या भागात जनित्र व विद्युत फलक तळघरात ठेवणे टाळले जाते.

रुग्णालयात आग लागल्यावर सर्व रुग्णांना जिन्याने खाली नेणे शक्य नसते. म्हणून आडव्या स्थलांतराची पद्धत स्वीकारतात. आग व धूर रोखणाऱ्या भिंती-दारांनी प्रत्येक मजल्याचे भाग पाडलेले असतात आणि रुग्णांना प्रथम त्याच मजल्यावरील सुरक्षित भागात हलविले जाते. यासाठी मार्गिका मोकळ्या असाव्या लागतात आणि रात्रपाळीसह सर्व पाळ्यांतील कर्मचाऱ्यांना सराव असावा लागतो.

## इतर धोके

पडून होणारी इजा ही वृद्ध रुग्णांमधील नेहमीची दुर्घटना आहे. न घसरणारी फरशी, स्वच्छतागृहात आधाराचे दांडे, खाटेला कठडे, रात्रीचा मंद प्रकाश आणि ओल्या फरशीजवळ इशाऱ्याची पाटी यांमुळे ती टाळता येते. क्ष-किरण विभागांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते. तेथील कर्मचाऱ्यांना प्रारणमात्रा मोजणारा बिल्ला लावावा लागतो. पाऱ्याचे तापमापक व रक्तदाबमापक फुटल्यास विषारी वाफ पसरते, म्हणून मिनामाता करारानुसार त्यांचे उत्पादन व व्यापार थांबविण्यासाठी २०२० हे वर्ष निश्चित करण्यात आले. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रुग्णालयाभोवतीचे १०० मीटरचे क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येते. तेथे दिवसा ५० व रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे.

## मनुष्यबळ

ही संपूर्ण व्यवस्था सफाई कामगार, कक्षसेवक, आया, वीजतंत्री, धुलाईघर व स्वयंपाकघरातील कर्मचारी यांच्या दैनंदिन कामावर उभी असते. अनेक रुग्णालयांत यांपैकी बरीच कामे कंत्राटी पद्धतीने करून घेतली जातात. कर्मचारी वारंवार बदलल्यास प्रशिक्षण अपुरे राहते. द्रावणाचे प्रमाण, पिशव्यांचे रंग किंवा आगीच्या वेळचा मार्ग ठाऊक नसलेली व्यक्ती नेमकी निकडीच्या क्षणी कामावर असू शकते. जाड रबरी हातमोजे, बंद बूट, मुखपट्टी, लसीकरण व सुई टोचल्यास तात्काळ उपचार हे या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचे किमान घटक आहेत. संसर्ग नियंत्रण समितीत परिचारिका, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व प्रशासक यांच्याबरोबर देखभाल व स्वच्छता विभागाचे प्रतिनिधी असणे आवश्यक मानले जाते.

## नियमन व मूल्यांकन

भारतात राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ मध्ये रुग्णालयांच्या इमारतींसाठी अग्निसुरक्षेच्या तरतुदी आहेत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करावे लागते. खासगी रुग्णालयांची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली होते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १५ मे २०१५ रोजी सरकारी रुग्णालयांसाठी 'कायाकल्प' ही पुरस्कार योजना सुरू केली. परिसराची देखभाल, स्वच्छता, कचरा व्यवस्थापन, संसर्ग नियंत्रण, साहाय्यक सेवा आणि आरोग्यसवयींचा प्रसार या निकषांवर रुग्णालयांना गुण दिले जातात. रुग्णालयांना ऐच्छिक मानांकन देणाऱ्या एनएबीएच या मंडळाच्या मानकांतही सुविधा व्यवस्थापन व सुरक्षितता यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. जानेवारी २०२० मध्ये आरोग्यसंस्थांतील संसर्ग प्रतिबंधासाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली.

स्वच्छतेचे मूल्यमापन केवळ नजरेने करणे अपुरे असते. एरवी न दिसणारे प्रदीप्त द्रव्य ठरावीक जागी लावून सफाईनंतर अतिनील प्रकाशात त्याचे डाग उरले आहेत का, हे पाहिले जाते. फरशी व भिंतींवरील नमुने घेऊन नित्य जंतुपरीक्षण करण्याची शिफारस आता केली जात नाही. उद्रेकाच्या तपासात मात्र ते उपयुक्त ठरते.

## परस्परविरोधी गरजा

सुरक्षिततेचे अनेक उपाय एकमेकांच्या आड येतात. चोरी टाळण्यासाठी कुलूप लावलेले मागील दार आगीच्या वेळी मृत्यूचा सापळा ठरते. डास रोखण्यासाठी बंद केलेल्या खिडक्या वायुवीजन थांबवतात, म्हणून तेथे जाळ्यांची गरज असते. तीव्र जंतुनाशके जंतू मारतात, परंतु बंद जागेत कामगारांच्या श्वसनमार्गास त्रास देतात.

भारतातील सार्वजनिक रुग्णालयांत नातेवाईकांची उपस्थिती हा असाच एक प्रश्न आहे. परिचारिकांची संख्या अपुरी असताना रुग्णाला भरवणे, कूस बदलणे व स्वच्छतागृहात नेणे ही कामे नातेवाईकच करतात. त्याच वेळी मार्गिकांत अंथरलेली अंथरुणे, वाढलेली गर्दी व स्वच्छतागृहांवरील ताण यांमुळे संसर्गाचा व आगीच्या वेळी अडथळ्याचा धोका वाढतो. धर्मशाळा किंवा विश्रामगृह, ठरावीक वेळेची प्रवेशपत्रे, नातेवाईकांना हात धुण्याचे व कचरा टाकण्याचे मार्गदर्शन हे उपाय यासाठी योजले जातात. क्षमतेपेक्षा अधिक रुग्ण दाखल करावे लागणाऱ्या रुग्णालयांत खाटांमधील अंतर, हवा, स्वच्छतागृहे व विजेचा भार यांची सर्व गणिते एकाच वेळी कोलमडतात. त्यामुळे स्वच्छता व सुरक्षितता यांचा प्रश्न अंतिमतः खाटांची संख्या, मनुष्यबळ आणि देखभालीसाठीची आर्थिक तरतूद यांच्याशी जोडलेला आहे.

## हे सुद्धा पहा

- रुग्णालयजन्य संसर्ग
- हातांची स्वच्छता
- जैववैद्यकीय कचरा
- निर्जंतुकीकरण
- फ्लॉरेन्स नाइटिंगेल
- इग्नाझ सेमेलवाइस